शिसं सोडतं, पाणी अडवतं

आधी नाव घेतो. शेख रफीक, राहणार वाटूर, तालुका परतूर. अणुभट्टीच्या आमच्या हॉलमध्ये त्यांना सगळे उस्ताद म्हणत, मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा. त्यांच्यानंतर वैद्य मॅडमचं नाव आणि वडीगोद्रीच्या किसनमामांचं. पुढे जे सांगणार आहे त्यात माझं कर्तृत्व म्हणावं असं थोडंच आहे. बहुतेक वेळा मी हजर होतो, एवढंच.

मी आष्टीचा. आठवीत गणित आणि इंग्रजी दोन्हींत गेलो आणि शाळा सुटली. वाटूर फाट्यावर पंक्चरच्या दुकानात लागलो. जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता, फाट्यावरून सरकारी जीपगाड्यांची ये-जा वाढली होती, त्यामुळे दुकानाला काम भरपूर. उस्ताद सुट्टीवर गावी आले की दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसत. समुद्राकाठच्या कुठल्याशा अणुभट्टीत ते कामाला आहेत, एवढं गावाला माहीत होतं. तिथे ते काय करतात याबद्दल मात्र एकमत नव्हतं. कुणी म्हणे बॉम्ब भरतात, कुणी म्हणे वॉचमन आहेत.

एकदा मी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होतो. भोक सापडलं. तरी मी उरलेली ट्यूब फिरवून फिरवून बुडवत राहिलो. उस्तादांनी विचारलं, एक भोक सापडल्यावर थांबला का नाहीस? मी म्हणालो, दुसरं निघालं तर गिऱ्हाईक परत येऊन शिव्या देतं. यात हुशारी काही नव्हती, निव्वळ धास्ती होती. माझा स्वभावच तसा. कडी लावली तरी दोनदा बघणार.

उस्ताद म्हणाले, "हे डरणं कामाचं हाय. येतो का माझ्यासंगं?"

असा मी घरापासून इतका दूर गेलो. रोजंदारीवरचा मदतनीस म्हणून त्यांनीच मला चिकटवला. माझ्यासाठी त्यांनी कुणाकुणाकडे शब्द टाकला ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता काम काय होतं ते सांगतो. दर सुट्टीत मला हे सांगावं लागतं आणि दर वेळी ऐकणारा शेवटी विचारतो, "म्हणजे एक्स-रेच ना?" एक्स-रे नव्हे. एक्स-रेत हाड दिसतं, कारण किरण मांसातून जातात आणि हाडाशी अडतात. लोखंडाशी जास्त अडतात, शिशाशी पारच अडतात. आम्ही भट्टीतून येणाऱ्या न्यूट्रॉननी फोटो काढत असू, आणि न्यूट्रॉनचं सगळं उलटं. शिशाच्या विटेतून तो असा पार होतो की वीट तिथे नव्हतीच. पण ओलं फडकं समोर आलं की थबकतो. पाणी, तेल, मेण, रबर, लाकूड, कोवळा पाला, ज्यात ज्यात हायड्रोजन आहे तिथे त्याचा पाय अडकतो. उस्ताद नव्या माणसाला एकच वाक्य पाठ करायला लावत: शिसं सोडतं, पाणी अडवतं.

पाहुण्यांसाठी आमच्याकडे शिशाची एक जाड डबी होती. सकाळी उस्ताद तिच्यात ताजी हिरवी मिरची ठेवत आणि झाकण पक्कं लावत. संध्याकाळी फिल्मवर मिरची दिसे, देठासकट, आतल्या बियांसकट. डबीचा मात्र नुसता धूसर आभास. एका मोठ्या पाहुण्यांनी फिल्म बघून विचारलं, "आता माझा मणका बघा ना याच्यात." उस्ताद अदबीने म्हणाले, "साहेब, माणूस म्हणजे पाण्याची घागर. फोटो कोरा येईल आणि पुढचा फोटो काढायला तुम्ही राहणार नाही."

यंत्र बघून लोकांची निराशा होई. भट्टीच्या भिंतीतून एक नळी बाहेर आलेली, आत अरुंद आणि बाहेर रुंद होत गेलेली, कर्ण्यासारखी. तिच्या तोंडाशी जाड झडप. पुढे काँक्रीटची गुहा, तिच्यात वस्तू ठेवायचा स्टँड. झडप उघडली तरी काही दिसत नाही, ऐकू येत नाही. वस्तूच्या पाठीमागे आम्ही फिल्म ठेवत नसू, कारण नळीतून न्यूट्रॉनबरोबर गॅमा किरणही येतात आणि ते फिल्म खराब करतात. म्हणून धातूची एक पातळ पत्री ठेवायची. जिथे न्यूट्रॉन जास्त पोचले तिथे पत्री जास्त 'तापते'. हे तापणं हाताला कळत नाही. पत्री स्वतःच किरण सोडायला लागते, त्याला आम्ही तापणं म्हणत असू. ती तापलेली पत्री उचलून अंधारखोलीत न्यायची, फिल्मवर दाबून ठेवायची. ती थंड होता होता फिल्मवर चित्र उतरतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. कारखान्यांचे लोक सीलबंद नळ्या आणत, आत तेल पुरतं भरलंय का बघायला. एक गृहस्थ ओळख काढून आले, बोटातली अंगठी अस्सल सोन्याची आहे का म्हणून. उस्ताद म्हणाले, बघू की, पण सोनं स्वतःच तापतं, अंगठी आठवडाभर आमच्याकडे राहील. गृहस्थांनी हात खिशात घातला तो जाईपर्यंत बाहेर काढला नाही. एका संग्रहालयातून काशाची मूर्ती आली होती. आत मातीचा गाभा कसा भरलाय ते त्यांना पाहायचं होतं. मूर्तीबरोबर आलेला शिपाई गुहेच्या दाराशी अडून बसला. म्हणाला, देवाचं तोंड भिंतीकडे करू नका. नियमाप्रमाणे ते भिंतीकडेच यायला हवं होतं. उस्तादांनी पूर्ण स्टँड फिरवून घेतला. सकाळ त्यातच गेली. साहेब चिडले. उस्ताद म्हणाले, "त्याची ड्यूटी हाय, आपली बी हाय."

या कामातली खरी मेख आता सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भट्टीतून येणारे न्यूट्रॉन सगळे एका चालीचे नसतात. काही रमतगमत येतात, काही जोरात. रमतगमत येणाऱ्यांचं चित्र झकास येतं, काळं-पांढरं ठसठशीत. पण वस्तू जाड आणि ओली असली तर ते सगळेच तिच्यात अडकतात आणि पत्रीपर्यंत कुणी पोचतच नाही. जोरातले त्यातूनही निसटतात. त्यांचं चित्र फिकं येतं, पण येतं. मग जोरातले तेवढे निवडायचे कसे? धान्य चाळतात तसे. कॅडमियमचा पत्रा आडवा लावला की मंद चालीचे सगळे तो गिळतो. जे उरतात त्यांतले एका ठरावीक जोराचे इंडियम नावाच्या धातूला फार प्रिय. म्हणून मागे इंडियमची पत्री ठेवायची. पुढे कॅडमियम, मागे इंडियम. याला आम्ही चाळणी लावणं म्हणत असू.

चाळणी लावायची वेळ शक्यतो कुणी आणत नसे. चाळल्यावर न्यूट्रॉन थोडेच उरतात, म्हणून झडप फार वेळ उघडी ठेवावी लागे. शिवाय इंडियमला धीर नाही. नेहमीची डिस्प्रोसियमची पत्री तापल्यावर तासन्‌तास ऊब धरते, चहा पिऊन आलात तरी चालतं. इंडियम तासाभरात निम्मं थंड. गुहेतून अंधारखोलीपर्यंतचा बोळ लांब होता, मध्ये दोन जड दारं. चिमट्याच्या लांब दांड्याला पत्रीची चौकट पकडून जवळजवळ पळत जावं लागे. आणि इंडियम मेणासारखं मऊ, धक्का लागून वाकलं की चित्र गेलं. पळायचं आणि हलवायचं नाही.

पळणाऱ्या माणसाच्या अंगावर थोडे किरण पडतच. त्याचा हिशोब आमच्या छातीवर असे. खिशाला बिल्ला आणि पेनासारखी एक कांडी. कांडी उजेडाकडे धरून एका डोळ्याने आत बघितलं की पट्टीवर एक बारीक धागा दिसे. अंगावर जितके पडले तितका धागा पुढे सरकलेला. खुणेपलीकडे गेला की त्या माणसाला हॉल बंद. कायम नोकराला स्टोअरमध्ये बसवत. रोजंदारीवाल्याला स्टोअर नसे, त्याला घर असे.

आता वैद्य मॅडम. त्या शेतकी संशोधनातल्या. मोसंबीचं कलम ज्या खुंटावर बांधतात त्या खुंटाच्या मुळ्या काळ्या मातीत पाणी कमी झालं की कुठे वळतात, हे त्यांना बघायचं होतं. तुम्ही म्हणाल, उकरून बघा. उकरलं की रोप मेलं, मग पुढच्या महिन्यात तेच मूळ कुठे गेलं ते कसं कळणार? म्हणून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या पेट्या करून घेतल्या, पाटीएवढ्या रुंद आणि बोटभर जाड. आत वडीगोद्रीची काळी माती, तिच्यात रोपं. माती, ऊन, हवा तिथलीच हवी, म्हणून पेट्या वाढत होत्या किसनमामांच्या नर्सरीत, हमरस्त्याच्या कडेला. पहिले फोटो आम्ही भट्टीच्या आधीच्या पाळीत काढले होते, तेव्हा पेट्या मॅडमनी स्वतःच आणल्या होत्या. चांगले आले होते. आता दुसरे काढायचे. दोन्ही शेजारी ठेवले तरच अर्थ होता. आणि ही शेवटची संधी होती, कारण पेट्या पोचायच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भट्टी मोठ्या दुरुस्तीला बंद होणार होती. ती चालू होईपर्यंत रोपं पेट्यांमध्ये गुदमरून गेली असती. मॅडमचं सगळं काम त्या तीन पेट्यांवर होतं.

पेट्या आणायला मला पाठवलं, कारण मी तिकडचा. कँटीनमध्ये सगळे मला 'जालना' अशीच हाक मारत. निघताना एकजण म्हणाला, "जालना, मोसंबी आण रे, नुसत्या मुळ्या नको आणूस."

किसनमामा साठीच्या घरातले, डोक्याला पटका, बोलायला मोकळे. मॅडमनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या. शेवटचे काही दिवस पाणी अजिबात घालायचं नाही, आणि रोपं जगली पाहिजेत. मी गेलो तेव्हा पानं मलूल होऊन खाली वळलेली. मामांनी मला पेट्या दाखवल्या त्या नजर चुकवून, घरातलं आजारी माणूस पाहुण्याला दाखवतात तशा. टेंपोत पेट्या ठेवल्यावर ते स्वतःच मागे चढून बसले. ड्रायव्हरवर त्यांचा भरवसा नव्हता. माझ्यावर होता का, ते मी विचारलं नाही.

रस्ताभर मामा बोलत होते. नर्सरीच्या धंद्यातल्या गोष्टी, कुणी कलम नेऊन कसं मारलं, कुणाचं कसं फळाला आलं. मी बरंचसं ऐकून सोडून दिलं. सकाळी फाटकाशी पोचलो. मी पास करायला खिडकीवर गेलो, तिथे वेळ लागला. मामा टेंपोपाशी थांबले. मग पेट्या आत गेल्या, मामांना फाटकाबाहेरच्या शेडमध्ये बसवलं, आणि आम्ही पहिली पेटी स्टँडवर चढवली.

नेहमीच्या पद्धतीने, नेहमीच्या पत्रीवर, पहिली फिल्म काढली. धुऊन उजेडावर धरली तेव्हा वरचा पट्टा ठीक होता, पानं आणि खोड दिसत होतं. माती जिथे सुरू होत होती तिथून खाली सपाट. मूळ नाही, खडा नाही, काही नाही. उस्तादांनी फिल्म उलटसुलट केली. मॅडमनी पेटीच्या तळाशी बोट लावलं आणि बोट आम्हाला दाखवलं. ओलं होतं.

मी फाटकाकडे गेलो. मामा शेडमध्ये उकिडवे बसले होते.

"मामा, पेट्यांना पाणी घातलं का?"

"घातलं की. ह्या नळावरून. येकेकाला तांब्याभर."

"मॅडमनी नको सांगितलं होतं ना?"

"वडीगोद्रीत व्हते तवर नाही घातलं. थेंब नाही." मामा उठून उभे राहिले. "पर दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आल्ती ना. आमच्या नर्सरीतून कोरडं कलम कदी कुणाच्या हाती दिलं न्हाई. माझ्या बानं न्हाई, म्या न्हाई. गिऱ्हाईक असो का पाव्हणा असो, आदी पाणी अन् मंग हवाली. लेक सासरी लावताना उपाशी लावतेत का?"

मी त्यांना सांगितलं की पाण्यामुळे फोटो येत नाही. एवढं मोठं मशीन अन् तांब्याभर पाण्याला भेतं का, असं त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. मी हो म्हणालो. ते परत खाली बसले, आणि मग विचारलं, "बाई रागावल्या का?"

मॅडम तोवर माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, रोपं जगवा असं मीच तुम्हाला सांगितलं होतं." एवढंच बोलल्या. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणालाही दोष दिलेला मी ऐकला नाही. मामांनी मात्र त्यानंतर जेवणाला हात लावला नाही. फाटकावरच्या शिपायाने भाकरी देऊ केली, तीही नको म्हणाले.

माती वाळायला वेळ नव्हता. चाळणी लावणं एवढाच मार्ग होता. पत्री पोचवायची परवानगी हॉलमध्ये तिघांना होती. एक लग्नाला गावी गेलेला. उरलो उस्ताद आणि मी. पळापळीचं काम म्हणजे तरण्या माणसाचं, ते नेहमी माझ्याकडे असे. मी चिमटा घ्यायला गेलो.

उस्ताद म्हणाले, "पेन दिखा."

मी कांडी काढून दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली. आधीच्या आठवड्यात नळीच्या तोंडाची सफाई मी केली होती, त्यात धागा बराच पुढे गेला होता. मला ते माहीत होतं. खुणेपर्यंत थोडी जागा होती. तीन पेट्यांना ती पुरणार नाही हेही दिसत होतं. आणि पुढच्याच महिन्यात मला कायम करण्याची मुलाखत होती. हॉल बंद झालेल्या माणसाला हॉलमधल्या जागेसाठी कोण बोलावणार? हे सगळं माझ्या डोक्यात होतं, तोंडात काही आलं नाही. आष्टीचा एसटी स्टँड डोळ्यांपुढे दिसत होता.

उस्तादांनी कांडी माझ्या खिशात परत ठेवली.

"मैं ले जाता. तू दरवाजे पकड."

मी म्हणालो, "उस्ताद, तुमचा पेन?"

"मेरा मैं देख लूंगा. तू दरवाजे पकड. मला मधी थांबायला लावू नको, बस."

पहिली पेटी चढली. कॅडमियमचा पत्रा लावला, पाठीमागे इंडियम. झडप उघडी राहिली तेवढा वेळ आम्ही तिघं हॉलच्या बाहेर बसून होतो. मॅडमनी जुनी फिल्म पाकिटातून काढली, बघितली, परत ठेवली. असं त्या पुन्हापुन्हा करत होत्या. कुणीतरी येऊन चहा विचारून गेला.

मग झडप बंद झाली, उस्ताद आत गेले, आणि मी पहिलं दार पाठीने ढकलून उभा राहिलो. तेव्हा उस्ताद पन्नाशीच्या पुढे होते. अंगाने जड, गुडघे कुरकुरत. चिमट्याचा दांडा पुढे धरून ते बोळात आले ते आधी झपझप चालत आणि मग धावत. दांडा मात्र हलत नव्हता. भरल्या ताटात वरणाची वाटी असावी तसं ते धावणं होतं. ते पहिल्या दारातून गेले की मी आडवाटेने पळत दुसऱ्या दाराशी जायचो. ते पोचायच्या आत ते उघडलेलं असायचं. अंधारखोलीत पत्री फिल्मवर दाबायचं कामही त्यांनीच केलं. मला म्हणाले, बाहेर थांब, घड्याळ बघ.

तीन पेट्यांची ती दौड उरलेला दिवस आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. एक पत्री वाकली, ती खेप पुन्हा करावी लागली. प्रत्येक खेपेनंतर ते धापा टाकत भिंतीला टेकत. मी कांडी बघा म्हणायचो, ते म्हणायचे, बाद में. शेवटच्या खेपेनंतर त्यांनी ती बघितली आणि माझ्या हातात दिली. धागा खुणेच्या पलीकडे होता.

फिल्मा फिक्या आल्या, येणारच होत्या. पण मातीतून काहीतरी दिसत होतं. दोन पेट्यांत मुळ्यांचा नुसता पुंजका होता, वरच्या वर. तिसरीत, जिथे दुसऱ्या जातीचा खुंट होता, तिथे एक मूळ बाकीच्यांना सोडून कडेकडेने खाली उतरलं होतं आणि पार तळाच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं होतं. मॅडमनी जुनी फिल्म शेजारी धरली. जुनीत ते मूळ नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

मामांना आत आणता येत नव्हतं, म्हणून मॅडम फिल्म घेऊन फाटकाबाहेर गेल्या आणि आभाळाकडे धरून दाखवली. मामांनी बोट न टेकवता, अंतर ठेवून, ते मूळ वरून खालपर्यंत गिरवलं.

"म्या वरून पाणी घालून राह्यलो," ते म्हणाले, "अन् ही खाली जाऊन हुडकून राह्यली."

मग त्यांनी विचारलं, आता हे कलम परत न्यायचं का? मॅडम म्हणाल्या, तापलेल्या पेट्या काही दिवस इथेच राहतील. मामा एकटे एसटीने परत गेले. जाताना मला म्हणाले, उस्तादांना सलाम सांग, आणि आपल्याला पाणी का नको त्याचं कारण आदी कुणीतरी समजावून सांगाया पाह्यजे व्हतं. ते बरोबर होतं. नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं, का नको ते कुणी सांगितलं नव्हतं.

उस्तादांना वर्षअखेरपर्यंत हॉल बंद झाला. तब्येतीला काही झालं नाही. खूण मुळातच सावधपणे अलीकडे मारलेली असते. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हे सोसण्यासारखं होतं. पण त्याच दुरुस्तीच्या काळात हॉलमध्ये नवं यंत्र बसायचं होतं, आणि ते बसवणाऱ्यांबरोबर उभं राहण्यासाठी आधीपासून उस्तादांचं नाव ठरलेलं होतं. या यंत्राची ते वर्षानुवर्षं वाट बघत होते. टिनाच्या झाकणाला खाचा पाडून, ते सायकलच्या आसावर फिरवून, यंत्र कसं चालेल ते त्यांनीच मला दाखवलं होतं.

ते यंत्र म्हणजे नळीपुढे फिरणारी एक चकती. तिला खाच. खाच समोर आली की न्यूट्रॉनचा एक घोळका सुटतो, मग वाट बंद. हे मी आमच्याकडच्या लोकांना असं सांगतो: समजा जालन्याच्या स्टँडवरून एका क्षणी एक जीप, एक एसटी आणि एक बैलगाडी सोडली. तुम्ही वाटूर फाट्यावर डोळे बांधून बसलात. कोण किती वाजता पोचलं एवढंच तुम्हाला कळतं. तेवढ्यावरून जीप कुठली आणि बैलगाडी कुठली हे तुम्ही सांगाल. तसंच हे. आधी आलेले जोरातले, मागून आलेले मंद. पत्रे नकोत, इंडियम नको, पळणं नको. शेवटी चमकणारा एक पडदा आणि त्यावर रोखलेला कॅमेरा. ज्या चालीच्या न्यूट्रॉनचं चित्र हवं त्यांच्या येण्याच्या वेळी कॅमेऱ्याचा डोळा उघडायचा. प्रत्येक धातू आपापल्या आवडीच्या चालीचे न्यूट्रॉन गिळतो, म्हणून न उघडता आत कुठला धातू आहे तेही कळू शकतं. परदेशात आता याची फार मोठी यंत्रं झाली आहेत. आमचं त्यामानाने लहान होतं आणि खूप कुरबुर करायचं.

उस्तादांच्या जागी माझं नाव घातलं गेलं. परवानगीवाला तिसरा माणूस जुन्या नळीसाठी हवा होता. मुलाखतीत मला पहिला प्रश्न याच यंत्रावर विचारला आणि मी टिनाच्या झाकणावरून पाठ झालेलं उत्तर दिलं. मी कायम झालो. माझं लग्न, आष्टीचं घर, पोरांचं शिक्षण, सगळं त्या जागेवर उभं आहे.

जेवणाच्या सुट्टीत उस्ताद स्टोअरच्या पायरीवर बसलेले असत. रोज विचारत, आज चकती किती फिरली, अडकली कुठे, साहेब काय म्हणाले. मी सांगे. ते खडूने पायरीवर आकृती काढून, इथे बघ, तिथे तेल कमी पडत असेल, असं समजावत. दुसऱ्या दिवशी मी तसं करे, बहुतेक वेळा ते लागू पडे, आणि हॉलमध्ये शाबासकी मला मिळे. मी सांगायचो की उस्तादांनी सांगितलं. ऐकणारे मान हलवत, कामाला लागत. पहिलं चित्र आलं त्या दिवशी ते हॉलमध्ये नव्हते. मी कागदावरची प्रत नेऊन दाखवली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "साफ आया." प्रत घडी करून परत माझ्याकडे दिली. नव्या वर्षात बंदी उठली तोवर नव्या यंत्राची माणसं ठरून गेली होती. निवृत्त होईपर्यंत ते जुन्या नळीवर राहिले. कधी एका शब्दाने बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. काय विचारणार होतो?

मॅडमचं काम छापून आलं. त्याखाली आभार होते, उस्तादांचं नाव बरोबर लिहिलेलं होतं. किसनमामा आता नाहीत. नर्सरी त्यांचा मुलगा चालवतो. हमरस्त्याने जाताना मी उतरतो. तिथे अजूनही आधी पाणी आणि मग हवाली.

उस्ताद वाटूरला आहेत. त्यांचा मुलगा परदेशात, घर चांगलं, कुणाचं काही घेत नाहीत. भावांच्या सामाईक विहिरीवर थोडी मोसंबी आहे. मोटार पाळीने चालते, वीज येईल तेव्हा. गेल्या सुट्टीत गेलो तेव्हा ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या दांडात उभे होते, फावड्याने बारं देत, एकेका झाडाच्या आळ्यात पाणी वळवत. मी चपला काढून फावडं मागितलं. म्हणाले, "तू मेहमान हाय. बैठ." मी बांधावर बसलो.

मला अजून थोडी नोकरी आहे. ती संपली की मी आष्टीला कायमचा येणार. आष्टीहून वाटूर लांब नाही. त्यानंतर उस्तादांच्या पाळीचं पाणी मी देणार, वीज कितीही वाजता येवो. त्यांनी बाजेवर बसून मला चुका दाखवायच्या. हे त्यांना तोंडावर सांगितलं तर नको म्हणतील, म्हणून इथे लिहितो. वाटूरच्या कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवावं.